महानगरांची बाजारपेठ आणि क्रीडाप्रक्षेपणातील पक्षपात : अमेरिकी अनुभवाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्यापलीकडे दूरचित्रवाणीला देश दिसत नाही, ही अमेरिकेतील क्रीडारसिकांची फार जुनी तक्रार आहे. ही तक्रार बहुधा समालोचकाच्या किंवा निर्मात्याच्या आवडीनिवडीपाशी येऊन थांबते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या पक्षपाताचे मूळ प्रक्षेपणकक्षात नसून ‘सामना विकण्याचा हक्क कोणाचा?’ या प्रश्नात आहे. फुटबॉल आणि बेसबॉल या दोन खेळांनी या प्रश्नाची परस्परविरुद्ध उत्तरे दिली आणि त्यांचे परिणाम आजही दिसतात. (येथे फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून खेळला जाणारा अमेरिकी खेळ अभिप्रेत आहे.)

दूरचित्रवाणीच्या व्यवहारात शहराचा अर्थ नगरपालिकेच्या हद्दीपुरता मर्यादित नसतो. एका केंद्राचे प्रक्षेपण जेवढ्या घरांत पाहिले जाते तेवढी त्या शहराची बाजारपेठ. जाहिरातीचा दर घरांच्या संख्येवर ठरत असल्याने न्यूयॉर्कमधील संघाचा सामान्य सामनाही लहान शहरातील संघाच्या उत्तम सामन्यापेक्षा अधिक किमतीचा ठरतो. मैदानावरील गुणवत्तेशी या किमतीचा संबंध असलाच तर दूरचा.

गावोगावच्या मैदानांची ओहोटी

या विषमतेचा पहिला फटका बसला तो महानगरांबाहेरच्या बेसबॉलला. 1949 मध्ये अमेरिकेत दुय्यम दर्जाच्या 59 लीग होत्या आणि त्यांच्या सामन्यांना वर्षभरात सुमारे 4 कोटी प्रेक्षक येत. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात हा आकडा दीड कोटीच्या आसपास उतरला. 1953 पासून एबीसी या जालाने दर आठवड्याला एक मोठा सामना दाखविण्यास प्रारंभ केला. प्रमुख लीगच्या शहरांत हे प्रक्षेपण बंद ठेवले जाई. म्हणजे महानगरांच्या तिकीटविक्रीला संरक्षण मिळाले आणि ज्या गावांत स्वतःचे लहान संघ होते तेथे मात्र पडदा मोकळा राहिला. मोटारगाड्यांचा प्रसार, उपनगरांची वाढ ही कारणेही होतीच. परंतु संरक्षण कोणाला आणि मोकळीक कोठे, ही निवड संघमालकांची होती. कोलोरॅडोचे सिनेटर एडविन जॉन्सन हे एका लहान लीगचे अध्यक्षही होते. त्यांनी प्रक्षेपणावर मर्यादा आणणारे विधेयक मांडले, पण ते संमत झाले नाही.

याच सुमारास सेंट लुईस ब्राउन्स या दुबळ्या संघाचे मालक बिल व्हीक यांनी एक साधा मुद्दा उपस्थित केला. सामना दोन संघांचा असतो. मग यजमान संघाला मिळणाऱ्या दूरचित्रवाणीच्या उत्पन्नात पाहुण्या संघाचा वाटा का नसावा? इतर मालकांनी हे मान्य केले नाही. व्हीक यांनी आपल्या संघाच्या परगावच्या सामन्यांच्या प्रक्षेपणास संमती नाकारली, तेव्हा बड्या संघांनी किफायतशीर असे रात्रीचे सामने त्यांच्या वाट्यातून काढून घेतले. अखेर व्हीक यांना संघ विकावा लागला आणि 1954 मध्ये तो बाल्टिमोरला गेला. व्हीक यांचे तर्कशास्त्र अचूक होते. त्यांच्याजवळ नव्हती ती मते.

1961 चा कायदा

तेच तर्कशास्त्र फुटबॉलमध्ये मात्र यशस्वी झाले. 1960 पासून खेळू लागलेल्या अमेरिकन फुटबॉल लीगने एबीसीशी सामुदायिक करार करून उत्पन्न समान वाटले होते. जुन्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये प्रत्येक संघ आपापला करार करी. 1960 मध्ये वयाच्या 33 व्या वर्षी आयुक्त झालेल्या पीट रोझेल यांनी न्यूयॉर्कच्या मारा कुटुंबाला आणि शिकागोच्या जॉर्ज हॅलास यांना समान वाटपास राजी केले. ज्यांचे सर्वाधिक नुकसान होणार त्यांनीच संमती दिली, ही या इतिहासातील निर्णायक घटना होय. ग्रीन बेसारखे संघ बुडाले तर सामने खेळायचे कोणाशी, हा त्यामागचा हिशेब. त्याला औदार्य म्हणण्यापेक्षा दूरदृष्टीचा स्वार्थ म्हणणे अधिक योग्य ठरेल.

जुलै 1961 मध्ये फिलाडेल्फियाचे न्यायाधीश ॲलन ग्रिम यांनी सीबीएसबरोबरचा सामुदायिक करार मक्तेदारीविरोधी तत्त्वाला बाधक ठरविला. तेव्हा रोझेल यांनी काँग्रेसकडे धाव घेतली. अध्यक्ष केनेडी यांनी 30 सप्टेंबर 1961 रोजी क्रीडाप्रक्षेपण कायद्यावर स्वाक्षरी केली. 1962 आणि 1963 या वर्षांसाठी सीबीएसने दरसाल 46.5 लाख डॉलर देऊ केले आणि ही रक्कम 14 संघांत सारखी वाटली गेली. 1964 पासून ती दरसाल 1 कोटी 41 लाखांवर गेली. ग्रीन बे हे त्या वेळी साठ-बासष्ट हजार वस्तीचे गाव आणि तेथील संघ नागरिकांच्या भागभांडवलावर चालणारा. 31 डिसेंबर 1961 रोजी याच संघाने अंतिम सामन्यात न्यूयॉर्कचा 37-0 असा धुव्वा उडविला; पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच हरविले. मारा कुटुंबाने वाटपाची किंमत अशी दुहेरी मोजली, असे म्हणण्याचा मोह होतो. अर्थात हा विजय कराराचे फळ नव्हे; तो प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांचा. कराराने दिले ते टिकून राहण्याचे बळ.

भारतीय वाचकाला येथे 2008 च्या इंडियन प्रीमियर लीगची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुंबईचा संघ 11.19 कोटी डॉलरना, तर जयपूरचा सर्वांत कमी, 6.7 कोटींना विकला गेला. पण प्रक्षेपणहक्क मंडळाने एकत्र विकून संघांना वाटा दिला. पहिले विजेतेपद जयपूरकडे गेले.

बेसबॉलची वेगळी वाट

1961 चा कायदा बेसबॉललाही लागू होता. मात्र त्याने एकत्र विक्रीची मुभा दिली, सक्ती केली नाही. बेसबॉलने राष्ट्रीय प्रक्षेपण एकत्र विकले आणि स्थानिक हक्क संघांकडेच ठेवले. केबल वाहिन्यांच्या उदयानंतर या सवलतीला प्रचंड मोल आले. 1988 मध्ये न्यूयॉर्क यँकीजने एका केबल वाहिनीशी 12 वर्षांसाठी जवळपास 50 कोटी डॉलरचा करार केला. 2002 मध्ये या संघाची स्वतःची वाहिनीच सुरू झाली. खुद्द बेसबॉलने नेमलेल्या तज्ज्ञसमितीने 2000 साली नोंदविले की, 1995 ते 1999 या काळात वेतनखर्चाच्या क्रमवारीत खालच्या अर्ध्या भागातील एकाही संघाला मोसमोत्तर फेऱ्यांतील एकही सामना जिंकता आला नाही. पुढे उत्पन्नाच्या अंशतः वाटपाचे उपाय वाढले. 2015 मध्ये कॅन्सस सिटीने विजेतेपदही मिळविले, पण असे अपवाद मोजकेच राहिले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. उत्पन्नातील पक्षपात आणि पडद्यावरील पक्षपात या एकच नव्हेत. फुटबॉलने पहिला दूर केला. दुसरा उरला, पण त्याचे स्वरूप बदलले. राष्ट्रीय वेळेतील सामने तेथेही नामांकित संघांनाच मिळतात, मात्र त्या नामांकितांत डॅलसच्या जोडीला ग्रीन बे आणि पिट्सबर्गही असतात. बेसबॉलमध्ये पैसा, गुणी खेळाडू आणि पडदा ही तिन्ही एकाच शहराकडे वाहत गेली. अशा वेळी निर्मात्याने यँकीजचा सामना निवडला तर त्याच्या पक्षपाताला गुणवत्तेचाही आधार मिळतो; दोष कोठला, हेच मग दिसेनासे होते.

2013 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने 25 वर्षांसाठी 800 कोटी डॉलरहून मोठा करार केला. त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च 2023 मध्ये, अनेक संघांचे स्थानिक प्रक्षेपण करणारी डायमंड ही कंपनी दिवाळखोरीत गेली. घरोघरीच्या केबल जोडण्या घटत गेल्याचा हा परिणाम होता. सॅन डिएगोच्या सामन्यांचे प्रक्षेपण त्याच वर्षी लीगला स्वतःकडे घ्यावे लागले. डॉजर्सचे उत्पन्न मात्र अबाधित राहिले. 2024 च्या अंतिम मालिकेत त्यांनी यँकीजला नमविले आणि 2025 मध्ये पुन्हा विजेतेपद मिळविले. राष्ट्रीय करारांची मुदत 2028 मध्ये संपत असून त्यानंतर स्थानिक हक्कही एकत्र विकावेत, असा आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांचा मनोदय आहे. 1961 मध्ये मारा कुटुंबापुढे जो प्रश्न होता, तोच आता डॉजर्स आणि यँकीज यांच्या मालकांपुढे येईल. फरक एवढाच की, सोडून द्यावयाची रक्कम या वेळी अब्जांत आहे.