सूझांचे ‘बर्थ’

गोव्यातील साळगावी १९२४ साली जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ साली लंडनला गेले. आज कॅमडेन विभागात मोडणाऱ्या हॅम्पस्टेडची घरे त्यांनी पुढे रंगविली. परंतु त्यांची खरी ओढ मनुष्याकृतीकडे होती. १९५५ सालच्या ‘बर्थ’ या चित्रात एक गर्भवती स्त्री विवस्त्र पहुडलेली असून जवळ पाद्र्याच्या वेषातील पुरुष आहे. पहुडण्याची ती रीत युरोपातील जुन्या चित्रकारांची. देहाची भरदार घडण मात्र आपल्या मंदिरशिल्पांची, आणि जाड काळ्या रेषा चर्चमधील रंगीत काचांची आठवण देणाऱ्या! १९५८ साली गुगेनहाइम पारितोषिकाच्या स्पर्धेत हे चित्र ब्रिटनच्या वतीने मांडले गेले. सूझांचा गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्याच ताब्यात होता.