गाडीच्या डॅशबोर्डचा रंग का निघतो? आणि कुठे रंग मारायचाच नाही?

नव्या गाडीचा बंपर प्लॅस्टिकचाच असतो आणि त्याचा रंग वर्षानुवर्षं टिकतो. मग आपण स्प्रे कॅन आणून दाराच्या पॅडला मारलेला रंग दोन महिन्यांत नखाने का निघतो?

पिंपरीत टाटांची इंडिका तयार व्हायची, ती 1998च्या अखेरीस बाजारात आली. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने 2009मध्ये सुरू झाले. ज्या पट्ट्यात गाड्या बनतात, तिथे या प्रश्नाचं उत्तरही कारखान्यातच सापडतं.

रंग धरत का नाही?

गाडीच्या आतले बरेच पार्ट पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे असतात. हे प्लॅस्टिक मेणासारखं निसरडं असतं. रंग त्यावर पसरतो, पण पकड घेत नाही. म्हणून कारखान्यांत बंपर रंगवण्याआधी त्यावरून क्षणभर गॅसची ज्वाळा फिरवतात. त्यामुळे पृष्ठभागाची रासायनिक रचना बदलते आणि रंग चिकटतो. घरी हा प्रयोग अजिबात करू नका. आपल्यासाठी 'अॅडहिजन प्रमोटर' नावाचा पारदर्शक स्प्रे मिळतो, तेच काम तो करतो.

दुसरं कारण म्हणजे डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश. त्यात बहुतेकदा सिलिकॉन असतं. ते नीट निघालं नाही तर रंग फाटतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

पार्ट कशाचा आहे, कसं ओळखायचं?

पार्ट काढून मागची बाजू बघा. तिथे बाणांच्या चिन्हांमध्ये कोड छापलेला असतो. 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पुढे 'टी20' असेल तर त्यात 20 टक्के टाल्क मिसळलेला आहे. यावर प्रमोटर लागतोच. 'एबीएस' असेल तर काम सोपं, ते रंग चांगला धरतं. मात्र त्यावर थिनर घासू नका, प्लॅस्टिक विरघळतं.

व्हिनाइलचं काय?

सीट कव्हर, दाराच्या पॅडवरचं मऊ आवरण हे व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात आणि ते हळूहळू वर येत राहतं. साधा रंग मारला तर तो चिकट तरी राहतो, नाहीतर वाकताना तडकतो. यासाठी 'व्हिनाइल कोटिंग' असं लिहिलेला, वाकणारा रंगच घ्या.

कामाचा क्रम

1. पार्ट काढून साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा. खाचांमध्ये जुना टूथब्रश वापरा.
2. पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फडकं सारखं बदला.
3. कडक प्लॅस्टिकवर 600 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. व्हिनाइलवर नको.
4. पॉलिप्रॉपिलीन असेल तर प्रमोटर मारा. डब्यावर दिलेल्या वेळेतच रंगाचा पहिला हात द्या.
5. एक जाड हात देण्यापेक्षा तीन-चार पातळ हात द्या. दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्या.
6. वाळल्यावर लगेच बसवू नका, एक-दोन दिवस थांबा. कडक उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड 70 अंशांच्या आसपास तापू शकतो. कच्चा रंग तिथे टिकत नाही.

पावसाळ्यात हे काम टाळा. हवेतला दमटपणा रंगावर बसला की पांढरट झाक येते. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्येही नको. स्प्रेची वाफ पेट घेते आणि नाकातोंडात जाते. हार्डनर मिसळायचा रंग असेल तर रुमाल किंवा कापडी मास्क पुरत नाही. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा होऊ शकतो. ते काम पेंटिंग बूथवाल्याकडेच द्या.

कुठे रंग मारायचाच नाही?

जिथे एअरबॅग आहे तिथे. जुन्या गाडीवरचे व्हिडिओ बघून नव्या गाडीवर हात चालवणारे इथेच फसतात. त्या काळी बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये एअरबॅग नसायच्या. भारतात नव्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग 1 जुलै 2019पासून बंधनकारक झाली. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग नव्या मॉडेलसाठी 1 एप्रिल 2021पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी 2021च्या अखेरपासून सक्तीची झाली.

एअरबॅगचं झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटावं असं बनवलेलं असतं. कधी ही रेषा आतून असते, बाहेरून दिसतही नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत एअरबॅग उघडते. रंगाच्या थराने ती रेषा घट्ट झाली, तर झाकण वेगळं फाटू शकतं किंवा वाळक्या रंगाचे तुकडे चेहऱ्यावर उडू शकतात. म्हणून स्टिअरिंगचा मधला भाग, डावीकडचा डॅशबोर्ड आणि 'एअरबॅग' लिहिलेले पिलर व सीटच्या कडा तशाच ठेवा. तिथली पिवळी कनेक्टर असलेली वायर स्वतः काढू नका.

डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला चकचकीत किंवा फिकट रंगही नको. उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि रस्ता नीट दिसत नाही. तिथे गडद मॅट रंगच बरा.

थोडक्यात, दाराचे पॅड, कन्सोल, एसीच्या जाळ्या यांच्यावर खुशाल हात साफ करा. एअरबॅगचं झाकण खराबच झालं असेल, तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला विचारून तो पार्टच बदला.