वीस मिनिटांचं सोंगी भजन

सोंगी भजन कधी वीस मिनिटांचं असतं व्हय? रात्री जेवणं आटोपली की देवळापुढं सतरंजी पडायची. आधी नमनाचे अभंग, मग गवळणी, मग एकेक सोंग बाहेर यायचं. वासुदेव यायचा, जोशी यायचा, वाघ्या-मुरळी यायचे. भैरवीपर्यंत कोंबडं आरवायचं. आमच्या मुरगूड भागात, वेदगंगेच्या दोन्ही अंगांच्या गावांत, हे असंच चालत आलेलं. त्यामुळं नव्वदीच्या सुरुवातीला कोल्हापुरातल्या एका लोककलेच्या कार्यक्रमाचं पत्र आलं आणि त्यात ‘प्रत्येक पथकास वीस मिनिटे’ असं वाचलं, तेव्हा आमच्या बुवांनी पत्र उलटं करून मागं आणखी काही लिहिलंय का ते बघितलं.

पण पत्र मोलाचं होतं. तेव्हा जत्रेला ऑर्केस्ट्रा ठरायला लागला होता, गल्लीत भाड्यानं व्हिडिओ यायचा. आमच्या सुपाऱ्या वर्षाला दोन-तीनवर आलेल्या. पखवाजाची पुडी बदलायलाही पैसे नव्हते. बुवांनी सरळ सांगितलं, “कोल्हापुरात चार लोकांनी बघितलं तर मंडळ ऱ्हाईल. न्हाईतर पेटी इकून मोकळं हुया.”

मी मंडळात टाळकरी. गळा नाही, पण अक्षर बरं, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे आणि पत्रव्यवहार माझ्याकडं असायचा. लोक गोळा करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

कार्यक्रम होता केशवराव भोसले नाट्यगृहात. ही जागा काय आहे, ते तेव्हा आम्हा निम्म्या जणांना ठाऊक नव्हतं. 1902 साली शाहू महाराज युरोपला गेले, तिथं रोममधलं जुनं क्रीडागार त्यांनी पाहिलं. पुढं कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबागेचं मैदान झालं आणि त्याला लागूनच नाटकासाठी पॅलेस थिएटर उभं राहिलं. ते 1915 मध्ये सुरू झालं. पैलवान आणि गवई असे शेजारी-शेजारी बसवणारा राजा विरळाच. याच थिएटरला नंतर केशवरावांचं नाव मिळालं.

केशवराव कोल्हापूरचेच, जन्म 1890 चा. लहानपणीच नाटक कंपनीत गेले आणि 1908 मध्ये हुबळीला त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्यांचे मालक, लोकांनी एकमेकांसमोर उभे केलेले दोन गवई, त्या रात्री एका नाटकात उभे राहिले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

एवढं सगळ्यांना माहीत असतं. मला त्यापुढचं जास्त मोठं वाटतं. मालक गेला की कंपनी फुटते, नट दुसरीकडं जातात, पेट्या-पडदे विकले जातात. ललितकलादर्शचं तसं झालं नाही. केशवरावांचे साथीदार बापूराव पेंढारकर यांनी कंपनी अंगावर घेतली, मामा वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ 1922 मध्ये रंगमंचावर आणलं. बापूराव 1937 ला गेले, आणि पुढं त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी तेच नाव चालवलं. नाव केशवरावांनी कमावलं, पण टिकवलं मागं राहिलेल्यांनी.

आमचंही तसंच म्हणायचं, फक्त माप लहान.

वीस मिनिटांत काय बसवायचं, यावर आठ दिवस भांडणं झाली. बुवा म्हणत, अभंग सोडायचा नाही. पोरं म्हणत, वाघ्या-मुरळी पाहिजेच. शेवटी आमचा शिंपी दोस्त बोलला. तो गात नव्हता, वाजवत नव्हता. सोंगांची लुगडी आणि झगे मात्र फुकट शिवायचा आणि वीस वर्षं पहिल्या ओळीत बसायचा. तो म्हणाला, “रात्री एकला लोक पेंगाय लागत्यात. तवा तुम्ही जे करता, तेवढंच करा.”

सगळे गप्प झाले. रात्री एकला आम्ही गवळण काढायचो. पेंद्या आणि मावशी गवळणींची वाट अडवायचे, पखवाज दुगणीत जायचा आणि डुलक्या घेणारे म्हातारे ताठ बसायचे. बुवांनी एक अभंग, एक गवळण आणि शेवटी गजर, असं ठरवून टाकलं.

मग माणसं. सायकल दुकानवाल्या दोस्तानं पिवळ्या कागदावर पाचशे हँडबिलं छापून दिली. पैशाचं विचारलं तर म्हणाला, “पंक्चर काढून फेडा.” उद्यमनगरच्या कारखान्यांत, मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतींवर, कॉलेजच्या वसतिगृहांत आमच्या भागातली पोरं होती. त्यांना मी हातानं चाळीसेक पत्रं लिहिली. तरी मनात धाकधूक होतीच. कामाच्या दिवशी कोण येणार?

जायच्या दिवशी दुसरीच अडचण. पखवाजवाल्याच्या उसाला पाण्याची पाळी नेमकी त्याच रात्री आणि पेटीवाल्याची म्हैस नुकतीच व्यालेली. त्याच्या बायकोचं माहेरी जाणं ठरलेलं. शेजारच्या दोघांनी विषय संपवला. एक म्हणाला, “पाणी मी पाजतो.” दुसरा म्हणाला, “धार मी काढतो, पण येताना कोल्हापूरचा पेढा आणा.” त्या दोघांनी तो कार्यक्रम कधीच बघितला नाही.

पडदा उघडला तेव्हा पुढच्या रांगा रिकाम्या होत्या. उजेड डोळ्यांवर, खाली काळोख. बुवांचा पहिला स्वर कापला. मी टाळ धरून मनात म्हटलं, संपलं. एवढ्यात मागच्या दारातून गलका आला. उद्यमनगरची पाळी सुटली होती. काळ्या हातांची वीस-पंचवीस पोरं तशीच आत आली, मागून यार्डातले हमाल. कुणीतरी ओरडलं, “बुवा, मुरगूड आलंय!” बुवांचा आवाज तिथं सुटला. मावशी बाहेर आली तेव्हा शहरातली माणसंही खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती.

फार मोठं काही झालं नाही. बक्षीस दुसऱ्याला मिळालं. पण त्या वर्षी तीन गावांची बोलावणी आली, पखवाजाला नवी पुडी बसली आणि मंडळ पुढं आठ वर्षं चाललं. पेढेही आणले, धार काढणाऱ्याला आधी.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळीच शिंप्याचा फोन आला. आता त्याला सुईत दोरा ओवायला नातू लागतो. म्हणाला, “मास्तर, आपलं थेटर गेलं बघा.” मला काही सुचलं नाही. मग तोच म्हणाला, “बांधतील. पडदे शिवायला माणूस लागला तर कळवा म्हणावं.”

बुवा आता नाहीत. पखवाज त्याच शिंप्याच्या घरी खुंटीला आहे. वाजवत कुणी नाही, पण दर एकादशीला तो फडक्यानं पुसतो.