पेटीला जागा, मग माणसाला

धोबीतलावच्या जेर महालात दारांवर गोव्यातल्या गावांची नावं दिसतात. या कुडी. कूड म्हणजे एका गावाच्या लोकांनी मुंबईत मिळून घेतलेली खोली. गावच्या ख्रिस्ती पुरुषाला शहरात घर नसेल, तर पाठ टेकायला ही जागा. एकोणिसाव्या शतकात गोव्यात पोट भरेना आणि ब्रिटिश आगबोटींवर आचारी, स्टुअर्ड म्हणून काम मिळे. तिथून हा पसारा वाढला. इथवर सगळे सांगतात. माझा जीव अडकलाय तो तिथल्या पेट्यांत.

जुन्या कुडीत खाटा नाहीत. भिंतीलगत पेट्यांची रांग, एका टोकाला अल्तार, म्हणजे वेदी, मधली जमीन मोकळी. संध्याकाळी सगळे तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, गुडघे टेकणार. रात्री तिथेच चटया पसरणार. तार्वटी, म्हणजे खलाशी, जहाजावर गेला की चटई उठते, पेटी मात्र राहते आणि वर्गणी भरलेली असली तर हक्कही राहतो. झोपणारे थोडे, सभासद पुष्कळ! एवढ्याशा वर्गणीत शहरातलं भाडं परवडे ते या हिशेबावर.

पेटीवर हक्क राखायची ही युक्ती आली कुठून? जाणकार गावकारीकडे, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या गोव्याच्या जुन्या कोमुनिदादीकडे, बोट दाखवतात. पण गावकारी मूळ घराण्यांच्या पुरुष वंशजांची. वर्षाची झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, त्यांनाच मिळे. कुडीत गावकार नसलेलाही वर्गणी भरून येई. मग हा वारसा सरळ कसा मानायचा? दुसरे म्हणतात, चर्चच्या कॉन्फ्रारियांचं, म्हणजे भक्तांच्या बंधुसंघांचं, हे शहरी रूप. गावच्या संताचं फेस्त, प्रार्थनेची सक्ती, बायकांना मज्जाव, हे सगळं त्यात चपखल बसतं. पण कॉन्फ्रारिया कोणाला झोपायला जागा देत नसे.

माझा कौल जहाजाला. खलाशाची पेटी, पाळीप्रमाणे रिकामी होणारी जागा, नियम मोडला की बाहेर. तार्वट्यांनी बोटीवरची शिस्त जमिनीवर आणली, असं मला ठाम वाटतं.

यावर मुंबईच्या कापड गिरण्यांचं गिरणगाव आडवं येतं. रत्नागिरीकडच्या गावकरी मंडळांच्या गाळ्यांतही, म्हणजे चाळीतल्या खोल्यांतही, हेच होतं: ट्रंका भिंतीला, रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याच्या जागेवर आडवा, जेवण खाणावळीत. या गिरणी कामगारांनी कुठे बोटीवर नोकरी केली होती? तिथे पाळी गिरणीच्या भोंग्याने शिकवली, असं म्हणून मी वेळ मारून नेतो. पण गिरणीत पाळी संपवून माणूस काही तासांतच परते. महिनोन्‌महिने गैरहजर असलेल्याचा हक्क पेटीवर जपायचा, हे खलाशालाच सुचावं.

घरी माळ्यावर कुडीची नियमावली किंवा वर्गणीची जुनी पावती असेल तर रद्दीत घालू नका. सभासदाच्या नावापुढे बोटीवरचा हुद्दा लिहिलाय का, तेवढं आधी पाहा.