मारहाण थांबते, दुखणं मागे राहतं: जोडीदाराच्या हिंसेचे शरीरावर होणारे दीर्घकालीन परिणाम

डोळ्याखालचा काळा-निळा डाग दोन-तीन आठवड्यांत जातो. 'बाथरूममध्ये घसरून पडले' असं सांगितलं की घरात आणि शेजारीपाजारी विषय संपतो. पण नवऱ्याची किंवा जोडीदाराची मारहाण वर्षानुवर्षं सोसलेल्या बाईचं शरीर ते इतक्या लवकर विसरत नाही. अनेकींना वेगळं झाल्यावरही दुखणी पुरतात.

प्रमाण किती?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार, देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित महिलांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के, म्हणजे दर चौघींमागे एक आहे.

असं का होतं?
सतत भीतीत राहिल्याने शरीर कायम 'सावध' अवस्थेत राहतं. कॉर्टिसॉलसारख्या तणावाच्या संप्रेरकांचं गणित बिघडतं. त्याचा झोप, रक्तदाब, पचन आणि प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो. त्यामुळे जिथे कधी मार लागला नाही, तिथेही दुखू शकतं.

कोणते त्रास दिसतात?

डोकं: वारंवार डोक्याला मार लागल्याने मेंदूला इजा होऊ शकते. डोकेदुखी, चक्कर, विसरभोळेपणा, लक्ष न लागणं ही त्याची लक्षणं. घरचे मात्र 'हिचं कशात लक्षच नसतं' म्हणून मोकळे होतात.

गळा: गळा दाबल्यावर अनेकदा बाहेरून खूण दिसत नाही. पण मेंदूचा प्राणवायू तुटतो आणि मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर जाऊ शकते. त्यातून काही तासांनी किंवा दिवसांनी तरुण बाईलाही पक्षाघात होऊ शकतो. आवाज बसणं, गिळताना दुखणं, श्वास लागणं, एक हात बधिर होणं, यांपैकी काहीही जाणवलं तर लगेच रुग्णालय गाठायला हवं. काहीच जाणवत नसलं तरी त्याच दिवशी तपासून घेणं चांगलं.

पोट आणि ओटीपोट: पोट सतत बिघडणं, ओटीपोटात दुखणं, लैंगिक संबंधातून होणारे संसर्ग, नको असलेली गर्भधारणा, गर्भपात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार, अशा हिंसेला तोंड देणाऱ्या महिलांचं बाळ कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त असते.

इतर: जुनाट कंबरदुखी, पाठदुखी. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचा धोकाही वाढलेला आढळतो. प्रत्येकीला हे सगळं होतंच असं नाही आणि या आजारांना इतर कारणंही असतात.

उपचारच होत नाहीत तेव्हा
औषधाला पैसे न देणं, दवाखान्यात एकटीला जाऊ न देणं, तपासणीच्या वेळी शेजारी बसून राहणं, हाही छळच. साधं दुखणंही मग अंगावर काढलं जातं आणि जुनाट होतं.

काय करता येईल?
डॉक्टरांना एकटीने भेटून, मार लागल्याचं आणि गळा दाबल्याचं स्पष्ट सांगावं. कारण माहीत नसेल तर डॉक्टर फक्त वेदनाशामक गोळ्या देत राहतात. तपासणीचे कागद, शक्य असल्यास जखमांचे फोटो, विश्वासातल्या व्यक्तीकडे ठेवावेत.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ नुसार पीडित महिलेने मागितल्यास वैद्यकीय मदत द्यावी लागते. आधी तक्रार नोंदवली नाही, या कारणावरून ती नाकारता येत नाही. मुंबई महापालिकेच्या काही रुग्णालयांत यासाठी 'दिलासा' केंद्रं आहेत. अनेक जिल्ह्यांत 'सखी' वन स्टॉप सेंटर आहेत.

मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीच्या वेळी ११२. घरात फोन तपासला जात असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून कॉल करणं सुरक्षित.