उलटं विसण

गेल्या महिन्यात मित्राच्या गॅरेजमध्ये बिअर करायचा घाट घातला होता. (अमेरिकेत आहोत, इथे १९७८ च्या कायद्यापासून घरी बिअर करायला केंद्र सरकारची हरकत नाही. पोलिसांना फोन करू नका!) भांड्यात विजेची कॉइल आणि तिला टेंपरेचर कंट्रोलर. ६६ अंश सेट केले की तो आपलाआपण करंट कमीजास्त करत बसतो. पण उकळी आल्यावर मित्राने बटण दाबून त्याला मॅन्युअल मोडमध्ये टाकलं आणि आकडा दिला, ६० टक्के.

म्हटलं, एवढं यंत्र आणून शेवटी हातानेच?

त्याचं म्हणणं साधं होतं. पाणी उकळलं की तापमान १०० च्या आसपासच अडकतं. १०५ सेट केलं तर कंट्रोलर पूर्ण ताकदीने जाळत राहणार आणि सगळं उतू जाणार. ९८ ठेवलं तर धड उकळणार नाही. उकळी किती जोरात हवी हे थर्मामीटरला कळतच नाही.

पटलं. पुढच्या शनिवारी मात्र कंट्रोलर परत ऑटोवर टाकायला आम्ही दोघेही विसरलो. भरडलेलं मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, पाण्यात घातलं आणि गप्पा मारत बसलो. बघतो तर ८१! स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स एवढ्या उष्णतेत टिकत नाहीत. वीस लिटर पेज गटारात.

मग प्रश्न पडला, थर्मामीटर नव्हता तेव्हा लोक काय करत? इंग्लंडमध्ये उकळलेलं पाणी निवत ठेवत आणि वाफ विरून त्यात स्वतःचा चेहरा दिसायला लागला की मॉल्ट घालत. लंडनच्या मायकेल कोम्ब्रूनने १७५८ मध्ये थर्मामीटर वापरून बिअर करण्यावर निबंध छापला, तरी जुनी मंडळी ढिम्म. जेम्स बॅव्हरस्टॉक नावाच्या तरुण ब्रूअरला तर आपला थर्मामीटर वडिलांपासून लपवून वापरावा लागला. (नवीन टूल मॅनेजरच्या नकळत इन्स्टॉल करणाऱ्यांनी त्याची तसबीर लावायला हरकत नाही.)

पण मला खरं आवडलं ते जर्मन आणि चेक लोकांचं डिकॉक्शन. आपल्याकडे आंघोळीच्या कढत पाण्यात गार पाणी घालून विसण करतात ना, हे त्याच्या उलट. भांड्यातला एक तृतीयांश दाट भाग काढायचा, वेगळा उकळायचा आणि परत ओतायचा. एन्झाइम्स बरीचशी मागे राहिलेल्या पातळ पाण्यात असतात, ती वाचतात. आता गणित बघा: ५० अंशांचे दोन भाग आणि १०० चा एक, सरासरी ६६.७. पुन्हा तेच केलं की ७७.८. भांडं थोडी उष्णता खातं, म्हणजे साधारण ६५ आणि ७५. साखर व्हायला आणि मग पेज गाळायला नेमकं हेच लागतं! सुरुवातीचं पाणी हाताला कोमट लागेल असं, म्हणजे अंगाएवढं. अंगाची ऊब आणि उकळी, दोन्ही आकडे ठरलेले. बाकी सगळं मापाचं काम. मॅन्युअल मोडच हा, फक्त टक्के विजेचे नाहीत, पेजेचे.

काल कंट्रोलरची वायर काढून करून बघितलं. मित्राने थर्मामीटर खिशात ठेवला होता, पण शेवटपर्यंत काढू दिला नाही. ५० चा टप्पा अंदाजाने धरून एक तृतीयांश काढलं, उकळलं, ओतलं, ढवळलं.

६४. मित्र म्हणाला, भांडं आधी घोंगडीत गुंडाळलं असतं तर अजून एखादा अंश मिळाला असता.