नांगर फिरला नाही, म्हणून उगवली : वॅक्सकॅपची गोष्ट

आजचा इतिहास राजवाड्यातला नाही, गवतातला आहे.

ब्रिटनमध्ये शरद ऋतूत काही जुन्या कुरणांत लाल, पिवळ्या, हिरव्या, अगदी गुलाबीसुद्धा अळंब्या उगवतात. टोपीला मेण चोपडल्यासारखी चकाकी, म्हणून नाव वॅक्सकॅप. दिसायला खेळण्यातल्या वाटतात. पण ती दिसली की जाणकार लगेच ओळखतो : इथे कित्येक दशकं नांगर चाललेला नाही, खत पडलेलं नाही. खरी बुरशी जमिनीखाली, बारीक धाग्यांच्या जाळ्यात असते. नांगराने ते जाळं तुटतं, आणि रासायनिक खत तर तिला अजिबात सोसत नाही. बरं, कुरण नुसतं सोडून देऊनही भागत नाही. मेंढ्यांनी गवत खुरटं ठेवायला हवं, नाहीतर झुडपं माजतात.

मग अशी कुरणं गेली कुठे? 1939 साली ब्रिटन पोटासाठी परदेशातून येणाऱ्या जहाजांवर अवलंबून होता आणि जर्मन पाणबुड्या तीच जहाजं बुडवायला निघाल्या होत्या. सरकारने जुनं कुरण नांगरायला एकरी 2 पौंड देऊ केले. जिल्ह्याजिल्ह्यात समित्या बसल्या, त्यांचा हुकूम शेतकऱ्याला मोडता येत नसे. यात खलनायक शोधू नका. माणसांना भाकरी हवी होती. पण युद्ध संपलं तरी नांगर थांबला नाही. 1947 च्या शेती कायद्याने पिकांना हमीभाव दिला, पाठोपाठ स्वस्त नत्रखत आलं. 1930 च्या दशकापासून 1984 पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधल्या सखल भागातली सुमारे 97 टक्के जुनी गवताळ जमीन संपली.

उरलेली वॅक्सकॅप कुठे टिकली, तर चर्चच्या दफनभूमीत, जुन्या वाड्यांच्या हिरवळीवर आणि वेल्सची राजधानी कार्डिफमध्ये चक्क एका धरणाच्या बांधावर! लॅनिशेन जलाशय 1886 साली पूर्ण झाला. बांध माणसानेच घातलेला, त्यामुळे तिथे शेती कोण करणार? गवत तेवढं कापलं जायचं. त्या उतारावर वॅक्सकॅपच्या वीसहून जास्त जाती सापडल्या आणि त्यांच्यामुळे बांधाला कायद्याचं संरक्षण मिळालं.

तोवर जलाशयाची गरज संपली होती आणि मालक कंपनीला तिथे शेकडो घरं बांधायची होती. शहरातले लोक वर्षानुवर्षं भांडले, सुनावण्या झाल्या. 2010 साली तलाव रिकामासुद्धा केला गेला. घरं मात्र झाली नाहीत. पुढे जागा वेल्सच्या पाणीपुरवठा कंपनीकडे आली, तलाव पुन्हा भरला आणि 2023 साली लोकांसाठी खुला झाला.